हंगामाच्या आत

काचबिंदू झालेलं तान्हं मूल तपासून झालं की त्याच्या आईवडिलांना मी एक प्रश्न हमखास विचारते, "दसरा झाल्यावर तुम्ही कुठं असणार?" आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना हा प्रश्न अवांतर वाटतो. पण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय नेत्र रुग्णालयात काम करताना लेकराचं कोणतं ऑपरेशन करायचं हे त्या उत्तरावर बरंच ठरतं. बीड जिल्ह्यातली आणि आसपासच्या डोंगरपट्ट्यातली असंख्य जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परतायला पाडवा उजाडतो, कधी अक्षय तृतीया. मधले पाच-सहा महिने मूल कुठल्या तरी साखर कारखान्याच्या परिसरात, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वाढतं. मी शिवलेला डोळा तेव्हा माझ्या नजरेच्या टप्प्यात नसतो.

मोठ्या माणसांचा काचबिंदू बहुधा कळतच नाही. तान्ह्या मुलाचा दिसतो, पण ते दिसणं लोकांना सुंदर वाटतं, हीच अडचण आहे. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव बाहेर जाण्याची जी बारीक जाळी असते, ती या मुलांमध्ये जन्मतःच नीट घडलेली नसते. द्रव साचतो, दाब वाढतो. मोठ्यांच्या डोळ्याची भिंत ताठ असल्यामुळे डोळा आहे तेवढाच राहतो आणि आतली नजरेची नस सुकत जाते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही भिंत मऊ असते, त्यामुळे नस तर सुकतेच, शिवाय अख्खा डोळा ताणून मोठा होतो. नवजात बाळाच्या कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा, आडवा व्यास साधारण १० मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२च्या पुढे गेला तर शंका घ्यायलाच हवी. आमच्याकडे १३ आणि १४ मिलिमीटरची मुलं येतात. तोवर घरात, भावकीत त्या टपोऱ्या डोळ्यांचं कौतुक करून झालेलं असतं, नजर लागू नये म्हणून तीट लावून झालेली असते.

बाकीची लक्षणं साधी आहेत. डोळ्यांतून सारखं पाणी येतं. मूल उजेड सहन करत नाही, अंगणात नेलं की पापण्या आवळून घेतं, आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. पुढे कॉर्निया धुरकट होतो, त्याच्यावर निळसर-पांढरी झाक येते. पण पाणी येतं म्हटल्यावर कुणी अश्रूंची नळी बंद आहे समजून नाकाच्या कडेला मालिश करायला सांगतं, कुणी डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून थेंब आणतं. यात महिने जातात. त्यातला प्रत्येक महिना त्या नसेतून वजा होतो आणि वजा झालेलं कुठल्याच ऑपरेशनने भरून येत नाही.

हा आजार पाश्चात्त्य देशांत दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो असं पुस्तकं सांगतात. त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या पाहणीत मात्र तो साधारण ३३०० जन्मांमागे एक निघाला. आमचा भाग त्या मुलखाला लागूनच आहे आणि नात्यात लग्न करण्याची रीतही इथे आहे. मामाची मुलगी करतात, काही घरांत भाचीही करतात. या आजारामागचं सीवायपी१बी१ हे मुख्य जनुक १९९७ साली सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर आजार होतो, आणि एकाच घराण्यातले दोघे असले की ती शक्यता वाढते. हे मी सांगते, पण लग्न मोडलं असतं तर बरं झालं असतं असा सूर त्यात येऊ देत नाही. समोर बसलेल्या सुनेला त्याचे घरी काय परिणाम भोगावे लागतात ते मला ठाऊक आहे.

ऑपरेशनांविषयी जरा सविस्तर लिहायला हवं. थेंबांनी हा आजार बरा होत नाही. थेंब आणि औषधाच्या पुड्या फक्त ऑपरेशनच्या दिवसापर्यंत दाब थोपवून धरतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ऑटो बार्कन यांनी गोनिओटॉमी प्रचारात आणली, तोवर अशी बहुतेक मुलं आंधळी होत. या ऑपरेशनमध्ये कॉर्नियातून आत बघत बारीक सुरीने त्या बिघडलेल्या जाळीला छेद देतात. छोटं, देखणं ऑपरेशन आहे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाला हात लागत नाही. पण त्यासाठी कॉर्निया स्वच्छ हवा. आमच्याकडे मूल पोचतं तेव्हा तो बहुतेक वेळा इतका धुरकट असतो की आतलं काही दिसत नाही. १९६० साली पुढे आलेल्या ट्रॅबेक्युलोटॉमीला ही अट नाही. तिच्यात पांढऱ्या भागावर एक पापुद्रा उचलायचा, काळ्या-पांढऱ्याच्या हद्दीवर, जाळीच्या मागे असलेला श्लेमचा कालवा शोधायचा, त्यात वाकड्या सळईसारखं बारीक हत्यार सरकवायचं आणि डोळ्याच्या आतल्या बाजूला फिरवून जाळी फाडायची.

वाचायला सोपं वाटतं. ताणलेल्या डोळ्यात ही हद्दच पसरलेली आणि पातळ झालेली असते. कालवा जिथे असायला हवा तिथे नसतो. मायक्रोस्कोपखाली एकेक धागा कापत जावं लागतं आणि एखादा पाण्याचा किंवा रक्ताचा ठिपका पाझरला की कळतं, सापडला. कधी सापडतच नाही. म्हणूनच मी जवळजवळ प्रत्येक मुलात ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकत्र करते. म्हणजे जाळी फाडायची आणि त्याच पापुद्र्याखाली द्रवाला बाहेर पडायला दुसरी वाटही करून ठेवायची. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. अनिलकुमार मंडल यांनी हे जोड ऑपरेशन शेकडो भारतीय मुलांवर करून, त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवून दाखवलं. २००३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून मी कौशल्याइतकीच एक भूमिकाही घेतली. जगातल्या ज्या केंद्रांत मूल दर महिन्याला येऊ शकतं तिथे आधी साधं ऑपरेशन, नाही जमलं तर दुसरं, मग तिसरं अशी पायरी-पायरीने चढण करता येते. आमच्या मुलाला पहिली पायरी हीच बहुतेक वेळा एकुलती एक असते. तेव्हा पहिलंच ऑपरेशन असं निवडायचं, जे शेवटचं ठरलं तरी चालेल.

याच हिशोबाने मी पहिल्या ऑपरेशनमध्ये मायटोमायसिन वापरायचं टाळते. ते औषध लावलं की जखम भरून येत नाही, द्रवाची वाट जास्त दिवस मोकळी राहते, हे खरं. पण तिथलं डोळ्यावरचं आवरण पुढे इतकं पातळ होतं की साध्या संसर्गानेसुद्धा जंतू थेट डोळ्यात शिरू शकतात. शहरातल्या मुलाची आई डोळा लाल दिसताच तासाभरात दवाखाना गाठेल. पाचटाच्या धुळीत वाढणाऱ्या मुलाच्या आईला त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर कुठे भेटणार? माझे काही सहकारी या मताचे नाहीत. आमची यावर वादावादी होते, ती व्हायलाही हवी.

लोक समजतात की आमच्याकडे सर्जनची टंचाई आहे. खरी टंचाई भूलतज्ज्ञाची आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं आम्ही डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन दिवसभर करतो. पाच किलोच्या बाळाला पूर्ण भूल लागते आणि तान्ह्या मुलांना भूल द्यायचा सराव असलेले भूलतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही मोजकेच. आमच्याकडे ते शहरातून ठरलेल्या गुरुवारी येतात. त्या एका दिवसाच्या आधारावर सगळं उभं असतं. बुधवारी बालरोगतज्ज्ञ मूल तपासतात. हिमोग्लोबिन कमी असतं, छातीत घरघर असते, सर्दी असते. हिवाळ्यात निम्मी यादी सर्दीने पुसली जाते. ऑपरेशन पुढे ढकललं तर दाब डोळा खात राहतो, ढकललं नाही तर भुलेत श्वासाची भीती. असल्या वेळी मी भूलतज्ज्ञांचं ऐकते. त्यांनी नको म्हटलं की नको.

गुरुवारी सर्वांत लहान मूल पहिलं. अंगावरचं दूध चार तास आधी बंद करायचं असतं आणि भुकेलं लेकरू रडत असताना आईने त्याला जवळ न घेणं ही त्या इमारतीतली त्या दिवसाची सर्वांत कठीण गोष्ट असते. आमच्या मोठ्या सिस्टर पहाटे स्वतः वॉर्डात जातात, आईच्या शेजारी बसतात, मूल आजीच्या किंवा बापाच्या खांद्यावर देतात आणि आईला चहा पाजतात. "पाजलं तर दूध फुप्फुसात जाईल" एवढं वाक्य सांगून भागत नाही. कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

मूल झोपलं की आधी तपासणी. भुलेची बहुतेक औषधं डोळ्याचा दाब उतरवतात, त्यामुळे मूल शांत होताक्षणी, घशात नळी घालायच्या आधी, हातात धरायच्या पर्किन्स यंत्राने दाब घ्यायचा. मग कॅलिपरने कॉर्नियाचा व्यास. मग दिसत असेल तर मागची नस. हे आकडे एका कार्डावर लिहितो, कारण पुढच्या वेळी हाच एक साक्षीदार असतो. दाब औषधांनी फसवू शकतो, व्यास फसवत नाही. तो वाढला असेल तर मधल्या काळात दाब ताब्यात नव्हता.

सुमारे तीन-चतुर्थांश मुलांत हा आजार दोन्ही डोळ्यांत असतो. पाठ्यपुस्तक सांगतं, एका वेळी एकच डोळा. कारण उघड आहे: संसर्ग झालाच तर दोन्ही डोळे एकदम जाऊ नयेत. आमच्यापुढे दुसरं कारण उभं असतं. दुसऱ्या डोळ्यासाठी दुसरी भूल, दुसरा गुरुवार, दुसऱ्यांदा एसटीचं तिकीट, दुसऱ्यांदा बुडालेली मजुरी. आणि ते आलेच नाहीत तर? हैदराबादच्या अनुभवातून हे सिद्ध झालं होतं की काळजी घेतली तर दोन्ही डोळे एकाच भुलेत सुरक्षितपणे करता येतात. ती काळजी म्हणजे दोन पूर्ण वेगळी ऑपरेशनं. पहिला डोळा झाला की सगळं उतरवायचं, हात पुन्हा धुवायचे, नवे गाऊन, नवे हातमोजे, नवी चादर, सलाईनची वेगळ्या बॅचची बाटली, हत्यारांचा वेगळा निर्जंतुक केलेला डबा. इथेच आमचं बरीच वर्षं अडलं होतं. ट्रॅबेक्युलोटोमची, म्हणजे कालव्यात सरकवायच्या त्या वाकड्या हत्यारांची, जोडी एकच होती. एका देणगीदाराला मी सोनोग्राफी मशीनऐवजी हत्यारांचा दुसरा डबा मागितला तेव्हा त्यांना नवल वाटलं, त्या डब्यावर नाव कोरता येत नव्हतं. पण त्यांनी दिला. त्यानंतर आमच्याकडे परत न आलेली मुलं निदान दोन्ही डोळे करून गेली.

दोन्ही डोळे एकाच भुलेत केलेल्या मुलांपैकी एका मुलीबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे. तिचा जन्म ऐन हंगामात, कारखान्याजवळच्या कोपीत झाला. आषाढात ती सात महिन्यांची असताना आमच्याकडे आली. गावात लसीकरणाच्या वेळी आशाताईंनी तिचा चेहरा उन्हाकडे वळवला आणि ती ज्या तऱ्हेने मिटली ते पाहून त्याच घेऊन आल्या. आजी म्हणाली, "डोळे लई मोठे म्हून आमी खुशीत होतो, म्याडम. पानी गळायलंय ते दात यायले म्हून आसंल वाटलं." भुलेत दाब उजव्या डोळ्यात ३२ आणि डाव्यात ३६ निघाला. असा दाब २०च्या पुढे गेला की काळजीचा. व्यास १३ आणि १३.५. डाव्या कॉर्नियाच्या आतल्या थराला आडव्या चिरा पडल्या होत्या.

बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली होती. जोडीला मिळून एक कोयता म्हणतात आणि कोयत्याने हंगामात सुट्टी घेतली की खाडा धरतात, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड. तो मला म्हणाला, "एका डोळ्याचं करा आत्ता. दुसऱ्याचं हंगाम करून आल्यावर बघू. लेकरू लहान हाय, दोनी डोळे बांधले तर घाबरंल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, लेकरू घाबरणारच होतं. मी त्याला शेतातल्या चारीचं उदाहरण दिलं. पुढं चारी तुंबलीय आणि मागून पाणी चालूच आहे, तर बांध कधी फुटायचा हे तुझ्या सवडीवर आहे का? तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, "दसऱ्याच्या आत कितीदा यावं लागंल?" मला फार बरं वाटलं. ऑपरेशनला होकार देणारे पुष्कळ असतात. परत किती वेळा यायचं हे आधी विचारणारा बाप मूल वाचवतो.

उजव्या डोळ्यात कालवा लगेच सापडला. डाव्यात एकाच बाजूला सापडला, दुसऱ्या बाजूला हत्यार सरकेना. जोर केला असता तर ते चुकीच्या थरात गेलं असतं, म्हणून तिथे थांबले आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमीच्या वाटेवर भरवसा ठेवला. ऑगस्टमधल्या तपासणीत दाब १२ आणि १६ होता. धूसरपणा उजव्यात जवळजवळ गेला होता, डाव्यात मधोमध एक डाग राहिला. दसऱ्याआधी आणखी एक तपासणी झाली. त्या वेळी ती पहिल्यांदा खिडकीकडे आपणहून वळली, आणि आजीने तिला खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ तिथेच धरून ठेवलं.

हंगामात जाणाऱ्या मुलांसाठी औषध निवडतानाही कोपी डोळ्यापुढे ठेवावी लागते. फ्रिजमध्ये साठवावं लागणारं औषध तिथे चालत नाही, म्हणून त्या मुलीच्या डाव्या डोळ्याला टिमोलॉलचा सौम्य थेंब दिला. तोही फुप्फुसं नीट तपासून, कारण दम्याच्या मुलाला तो त्रासदायक ठरतो. कार्डावर लाल शाईत लिहिलं: ब्रिमोनिडिन देऊ नये. मोठ्यांच्या काचबिंदूत ते सर्रास वापरतात, पण तान्ह्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचून ते त्याला गुंगी आणतं, श्वासही मंदावू शकतो. परगावच्या दुकानात थेंब संपला म्हणून त्याच कामाचा दुसरा कुणी दिला तर आईला नाही म्हणता यावं, एवढ्यासाठी ते कार्ड. तिला वाचता येत नव्हतं. लाल ओळ दुकानदाराला बोटाने दाखवायची, असं सिस्टरांनी तिच्याकडून करवून घेतलं.

दाब उतरला म्हणजे काम संपलं असं घरच्यांना वाटतं आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण ताणलेल्या डोळ्याला मोठा मायनस नंबर येतो, दोन डोळ्यांचे नंबर वेगवेगळे असतात, आणि मेंदू ज्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र येतं त्याचंच ऐकायला लागतो. मग बारा दाब असलेला निरोगी दिसणारा डोळाही आळशी होऊन बसतो. वर्षाच्या आत चष्मा, मागे इलॅस्टिकचा पट्टा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मी सर्जन असूनही सांगते, या मुलांची नजर जितकी ऑपरेशनच्या टेबलावर मिळते तितकीच या पट्टीतून मिळते, आणि सरकारी योजनांच्या पैशांत चष्म्याची फ्रेम सर्वांत शेवटी येते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू नावाने आहे, जन्मजात काचबिंदू नावाने नाही. नाव असलं की तपासणीच्या फॉर्मवर चौकट येते आणि चौकट आली की कुणीतरी डोळ्यात बघतं. दीड महिन्याच्या लसीला जवळपास प्रत्येक बाळ एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या, हातात येतं. तेव्हा पाणी, उजेडाची भीती, धुरकट किंवा मोठा डोळा एवढंच विचारायचं आहे.

त्या मुलीच्या डाव्या डोळ्याचा दाब ती पाच वर्षांची असताना पुन्हा चढला. अशा वेळी पूर्वी माझ्या हातात फारसं काही नव्हतं. द्रव वाहून नेणारी परदेशी नळी या घरांच्या आवाक्यातली नाही. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ साली कमी किमतीची नळी आणली, आणि ती आम्ही तिच्या डोळ्यात बसवली. या नळीला झडप नसते, म्हणून ती विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवायची असते आणि पाच-सहा आठवड्यांनी धागा विरघळला की द्रव एकदम वाहू लागतो. त्या आठवड्यात मूल समोर हवंच. म्हणून आम्ही ऑपरेशन हंगाम नसताना, ज्येष्ठात केलं. आता ती गावच्या हंगामी वसतिगृहात राहून शाळेत जाते. उजव्या डोळ्याने फळ्यावरचं वाचते, पहिल्या बाकावरून. डाव्या डोळ्याने माणूस आलेलं कळतं, चेहरा कळत नाही. तो डोळा त्याहून पुढे जाणार नाही हे मी तिच्या आईला सांगितलं आहे.

तिच्या पाठीवर भाऊ झाला. अशा घरात पुढच्या प्रत्येक बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, हे आधीच बोलून झालं होतं. पाचव्या दिवशी आई त्याला दाखवून गेली तेव्हा डोळे स्वच्छ होते, व्यास १० होता. दीड महिन्याने पुन्हा आणला, तेव्हाही ठीक. तिसऱ्या महिन्यात तीच म्हणाली, "म्याडम, ह्यो बी उन्हाला तोंड फिरवायलाय." कॉर्निया अजून पारदर्शक होता. भुलेत व्यास ११.५, दाब २४. दोन्ही डोळ्यांत कालवा दोन्हीकडून मोकळा मिळाला, कारण डोळा अजून ताणलाच नव्हता. बापाने या वेळी एका डोळ्याचं करा असं म्हटलं नाही. डिस्चार्जच्या कार्डावर मी पुढची तारीख लिहायला घेतली तर त्यानेच सांगितली, हंगामाला निघायच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार, आणि त्यानंतरची पाडवा झाल्यावरची.